एका हाताची बाही

मी भाभींना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईचा डावा हात भाजलाय.

रहिमतपूरच्या एसटी स्टँडवर त्या साताऱ्याच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. लग्नाला निघाल्यासारखी जरीची साडी, डोक्यावर पदर, उजवा हात मोकळा, आणि डाव्या हाताला दंडापासून बोटांच्या पेरांपर्यंत जाड खाकी कापडाची बाही. नुसती एकच. येणारीजाणारी माणसं वळून बघत होती आणि त्या त्यांच्याकडे अशा बघत होत्या, की जणू एकच बाही घालायची रीत आहे आणि बाकीचं गाव चुकलंय.

मी यवतमाळकडून येऊन जेमतेम महिना झाला होता. आमच्याकडे माणूस दिसलं की विचारपूस करायची सवय. इथं येऊन मी ती गिळून टाकली होती, कारण मी तोंड उघडलं की लोक हसायचे. दुकानात "हे महाग काऊन हाय?" म्हटलं की दुकानदार आतल्या माणसाला हाक मारून ऐकवायचा. पण त्या दिवशी राहवलं नाही.

"भाजलं का जी हात?"

भाभींनी मान वळवली. "जी? कुठली गं तू?"

मी गावाचं नाव सांगितलं. त्यांनी ते ऐकून सोडून दिलं, बाही सर्रकन उतरवली आणि हात माझ्यापुढं धरला. हात धडधाकट होता.

"बघ, कायसुदिक झाल्यालं न्हाई. आता तू घाल." मला काही कळायच्या आत बाही माझ्या हातात चढलीसुद्धा. "टोचती कुठं?"

"नाही जी."

"नीट सांग. गोड बोलाय न्हाई इचारलं."

मी घाबरत म्हटलं, "अंगठ्यापाशी शिवण लागते."

भाभींचा चेहरा असा उजळला की जणू मी त्यांना हरवलेली सोन्याची अंगठी शोधून दिली. साताऱ्याची गाडी आली आणि गेली. त्या उठल्याच नाहीत. ज्या लग्नाला निघाल्या होत्या त्याचं पुढं काय झालं, मला ठाऊक नाही. त्यांनी मला चहा पाजला आणि विचारलं, "शिवाय येतं?"

"माझी शाळा आठवीतच सुटली."

"मी शाळा इचारली का? शिवाय येतं का इचारलं."

अशी मला नोकरी लागली.

हे 'लागली' मी सहज लिहून गेले, पण तेव्हा ते इतकं सहज नव्हतं. नवरा मालट्रकवर. एकदा गेला की पंधरवडा तोंड दिसायचं नाही. खोली भाड्याची. परत जायला गावी घर होतं, पण त्या घरात आमच्यासाठी जागा नव्हती. दिरानं ते तोंडावर सांगितलं होतं. काम सुटलं तर कुठं जायचं, हा विचार करतच मी रोज सकाळी डबा भरायची.

भाभींचा कारखाना म्हणजे बंद पडलेल्या एका थंड पेयांच्या दुकानामागची लांबट खोली आणि चार मशिनं. बाहेर पाटी नव्हती. शटरवर खडूनं एवढंच लिहिलेलं असायचं : 'नावं ठेवणाऱ्याला चहा.' पावसानं पुसलं की भाभी पुन्हा लिहायच्या. आम्ही उसात काम करणाऱ्या बायकांसाठी बाह्या शिवायचो, बस्स. उसाचं पान हाताला करवतीसारखं कापतं, त्याची कूस, म्हणजे बारीक काटेरी लव, कातडीत रुतून बसते. भांगलायला, म्हणजे तण काढायला, जाणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट चढवतात. तो ढगळ असतो, त्याची बाही वर सरकते, आत घाम साचतो. भाभींनी खालच्या बाजूला विरळ सुती आणि वरच्या बाजूला जाड कापड लावून, अंगठ्यात अडकणारी बाही काढली.

"आपली गाठ कुणाशी हाय म्हाईत हाय का?" त्या म्हणायच्या. "नवऱ्याच्या जुन्या शर्टाशी. आन त्यो फुकाट हाय. त्येच्याम्होरं टिकायचं म्हंजी खेळ न्हाई."

त्यांची विकायची तऱ्हा अशी, की पहिल्यांदा बाही फुकट द्यायची, पण एकाच हाताची. दुसऱ्या हाताची मागितली तर साफ नाही म्हणायच्या. आठ दिवस एका हातात घालून काम करायचं, दुसरा हात तसाच ठेवायचा. मग यायचं, आधी बाहीची एकतरी खोट सांगायची, आणि मग दुसऱ्या हाताची विकत घ्यायची. "लय छान हाय भाभी" असं कुणी म्हटलं की भाभी रस्त्याकडे बघायला लागायच्या, बहिऱ्या झाल्यासारख्या. बायका कंटाळून काहीतरी खोट शोधून काढायच्या. "गुंडी लय मोठी हाय." "घाम आला की रंग लागतो." की लगेच भाभी चहाचं आधण ठेवायला सांगायच्या आणि ती बाही उलटी करून, नाकाशी धरून, हुंगून बघायच्या. घामाचा वास कुठल्या शिवणीला धरतो ते त्यांना त्यातून कळे.

त्यांचा भाचा पुण्याला एका ॲपवाल्या कंपनीत होता. तो सुट्टीला आला की डोक्याला हात लावायचा. "खाला, अर्धा माल फुकट?"

"अर्धा कुठं? एक हात."

"अहो, पण एकच का? द्यायचीच तर जोडी द्या."

"जोडी दिली तर तिला बाही आवडंल, आन ती गप काम करंल. एक दिली की तिच्या शेजारची इचारंल."

आणि खरंच विचारायच्या. भांगलायला बायका ओळीनं बसतात, प्रत्येकीची आपापली पात असते, आणि पातीबरोबर गप्पा पुढं सरकतात. त्या ओळीत एक बाई एका हाताला बाही घालून बसली, की दहा मिनिटांत सगळ्या शेताला ती दिसलेली असते. मी एकदा भाभींबरोबर शेतावर गेले होते तेव्हा स्वतःच्या कानांनी ऐकलं. एका बाईला तिच्या पलीकडची विचारत होती, "ए, एकाच हाताला का गं? नवऱ्यानं निम्मीच माया केली व्हय?"

"नवऱ्यानं कुठली? त्या रहिमतपूरच्या भाभीनं दिलीया. हा हात बघ आन ह्यो बघ."

पलीकडचीनं दोन्ही हात बघितले. एक हात ओरखड्यांनी भरलेला, दुसरा जसाच्या तसा. भाभी त्यांच्या शेजारी बसून गवत उपटत होत्या, त्यांनी एक अक्षर काढलं नाही. दर आठवड्याला एखाद्या टोळीबरोबर त्या अर्धा दिवस अशा बसायच्या आणि फार वाईट भांगलायच्या. टोळीची म्होरकी ओरडायची, "आवं भाभी, गवत काडताय का ऊस?" भाभी म्हणायच्या, "मी हात बघाय आलीया, तू शेत बघ."

सकाळी एकाच शेतावर असणाऱ्या टोळीतल्या बायका संध्याकाळी जीपमधून वेगवेगळ्या वाड्यावस्त्यांवर उतरायच्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावचं शेत. भाच्याला पुण्यात बसून जे जमलं नसतं ते त्या जीपनं केलं. पुसेसावळीकडून, कडेगावाकडून बायका यायला लागल्या. कडेगावाकडं तर उसाशिवाय दुसरं काही दिसत नाही.

भाच्यानं एकदा नवी शक्कल काढली. एकीनं पाच जणी आणल्या तर तिला एक जोडी फुकट. मोबाईलवर रंगीत चित्रसुद्धा करून आणलं. भाभींनी चित्राचं कौतुक केलं, आणि विचारलं, "आन ती पाच जणींना सांगणार काय? बाही चांगली हाय म्हणून, का तिला फुकाट मिळती म्हणून?"

भाचा हसला आणि म्हणाला, "खाला, तुमच्यासारखे लोक कंपनीत असते तर माझी नोकरी गेली असती." तो वाईट मुलगा नव्हता. त्यानंच आम्हाला व्हॉट्सॲप लावून दिलं, त्यावर बायका बाहीचे फोटो पाठवायच्या. भाभींनी त्याला विचारलं होतं, "तू ह्याला स्टार्टअप म्हणतोस ते काय असतं रं?" तो म्हणाला, "नवा धंदा." "मग जुना झाला की काय म्हणत्यात?"

फोन माझ्याकडे होता. हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं आश्चर्य. मी मशिनवर बरी होते, पण फोन वाजला की मी दुसरीकडे बघायची. भाषा वेगळी, शाळा नाही, कुणी हसेल ही भीती. आमच्यात एक दहावी झालेली, खणखणीत बोलणारी होती. भाभींनी फोन तिच्याकडून काढून माझ्यापुढं ठेवला.

मी म्हटलं, "भाभी, मला भीती वाटते न."

"म्हणून तर. ती पोरगी फोन उचलती आन सोता बोलत सुटती. तू भितीस, म्हणून ऐकत ऱ्हातीस. आपल्याला ऐकणारं माणूस पायजे."

माझ्या भीतीचा कुणाला उपयोग होऊ शकतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

भाभींचा एक नियम होता. कुठलाही बदल आधी त्यांच्या डाव्या हातावर महिनाभर राहायचा, मग बाहेर जायचा. म्हणून ती एक बाही. लग्नात, ईदला, दवाखान्यात, सगळीकडे. त्यांच्या बहिणी त्यांच्याशेजारी फोटोला उभ्या राहायच्या नाहीत.

आणि नेमका तो नियमच आम्हाला नडला.

बायकांनी खोट सांगितली होती, की मनगटाशी बाही सैल पडते, कचरा आत जातो. रास्त तक्रार. भाभींनी मनगटाला घट्ट इलॅस्टिक लावलं. महिनाभर डाव्या हातात वागवलं. उत्तम बसलं. एक काडी आत गेली नाही. आम्ही झपाट्यानं ती नवी बाही शिवली आणि ती गावोगाव गेली.

एका दुपारी फोन आला. कडेगावकडच्या एका टोळीची म्होरकी बोलत होती. आवाज असा की मी उभी राहिले.

"तुमीच का त्या बाहीवाल्या? माझ्या सुनंच्या बांगड्या वाढल्या तुमच्या बाहीनं. समद्या. हाताला काच लागली ती लागलीच. माझा ल्योक फौजंत हाय, बाडरवर. आन ह्यो हिरवा चुडा शेतात पडलाय."

मी ऐकत राहिले.

"बाही काडाय गेली, तर इलॅस्टिक खाली येईना. वडली, तर कडाकडा समद्याच गेल्या. त्येचा फोन बी लागंना सकाळधरनं." तिचा आवाज एकदम खाली आला. "न्या तुमच्या बाह्या."

मुलाचा फोन दुसऱ्या दिवशी लागला. तो सुखरूप होता, नुसतं रेंज नव्हती. पण मधल्या एका रात्रीत ती गोष्ट साऱ्या वस्त्यांवर फिरून आली होती, आणि मुलगा सुखरूप आहे ही गोष्ट तिच्या मागून फिरायला कुणी पाठवली नाही. जी जीप आमचं चांगलं नाव घेऊन जायची, त्याच जीपमधून हेही गेलं. तिसऱ्या दिवशी कडेगावच्या एसटीच्या कंडक्टरनं स्टँडवरून निरोप धाडला, "भाभींची पिशवी आलीया." पिशवीत बाह्या होत्या. एकीच्या नाहीत, टोळीच्या. चिठ्ठी नाही, निरोप नाही. त्यानंतर रोज पिशव्या येऊ लागल्या.

भाभींनी पहिली पिशवी टेबलावर ओतली. मग त्या उठून बाजारात गेल्या आणि काचेच्या हिरव्या बांगड्यांचा एक डझन घेऊन आल्या. आमच्यासमोर खाली बसल्या आणि स्वतःच्या डाव्या हातात एकेक करून भरायला लागल्या.

आम्ही बघतच राहिलो. नवरा गेल्यापासून भाभींच्या हातात बांगडी नव्हती. हात मोकळा, म्हणूनच महिनाभर बाही उत्तम बसली होती. त्यांनी वरून बाही चढवली, थोडा वेळ बसल्या, आणि ओढली. आवाज झाला. हिरवे तुकडे मांडीवर पडले आणि मनगटातून रक्ताची बारीक धार निघाली.

मी पाणी आणायला धावले. त्या म्हणाल्या, "थांब. बघू दे."

मग तुकडे वेचता वेचता, कुणाकडेही न बघता : "माझा आब्बा बांगड्या भरायचा. गावोगाव. मी ल्हान असल्यापासनं त्याच्यासंगं. नुसता हात दाबून सांगायची मी, हिला कुठल्या मापाची बसंल. ह्या दोन तालुक्यांतल्या बायकांची मनगटं मला झोपंत बी ठावी हायत." त्यांनी मनगटाला फडकं गुंडाळलं. "पर बांगडीवाल्याला मनगट कायम मोकळंच भेटतं. भरून झाली की बाई उठून जाती."

बांगडीवाल्याच्या मुलीनं बांगड्या फोडणारी बाही केली होती. एखाद्या परक्यानं केली असती तर त्यानं आधी विचारलं तरी असतं. भाभींना विचारायची गरजच वाटली नव्हती, कारण त्यांना मनगटं माहीत होती.

भाचा पुण्याहून धावत आला. त्याचं म्हणणं, इलॅस्टिक काढून नवीन माल गुपचूप पाठवावा, बोभाटा नको. जिथून फोन आलेत, तिथं माफी मागावी. "पण खाला, साताऱ्याकडं, कोरेगावाकडं अजून कुणाला कळलंही नाही. तिथं कशाला सांगायचं?"

"कळणारच हाय. दुसरीच्या तोंडनं कळण्यापरीस आपल्या तोंडनं कळू दे."

आणि त्यांनी माझ्यापुढं फोन सरकवला.

ज्या ज्या बाईकडे नवी बाही गेली होती तिला मी फोन करायचा आणि सांगायचं, की आमची बाही घालू नका. बस्स, एवढंच सांगायचं. मला आठवतंय, पहिल्या फोनला माझ्या तोंडातून "हॅलो" सुद्धा नीट फुटलं नाही. मला वाटत होतं मी माझ्याच हातानं खोलीचं भाडं, मशिन, सगळं पुसून टाकतेय. एक बाई हसत सुटली. "बाई, धंदा करतासा का चेष्टा?" एकीनं शिव्या घातल्या. एक म्हणाली, "माजी कुठं फुटली? मी प्लास्टिकच्या घालती," आणि फोन ठेवायलाच तयार होईना. भाचा मोटारसायकल घेऊन गावोगाव बाह्या गोळा करत हिंडला, उन्हानं काळा पडला. तोंडानं तो रोज म्हणत होता की हे चुकीचं आहे, आणि रोज सकाळी गाडीला किक मारत होता.

त्याच आठवड्यात भाभी मला घेऊन कडेगावकडे गेल्या. मांडीवर बांगड्यांचा खोका. डाव्या हाताला बाही नव्हती. मी त्यांना तशी कधी पाहिली नव्हती, हात उघडा पडल्यासारखा वाटत होता.

वस्तीवर सासू दारातच बसली होती. आम्हाला बघून उठली नाही.

"काय, भरपाई द्याया आलासा?"

"न्हाई," भाभी म्हणाल्या. "बांगड्या भराय आलीया."

"वाढवायच्या टायमाला इचारलं व्हतंसा का? आता भराय इचारताय!"

भाभींनी खोका खाली ठेवला आणि उन्हात, जमिनीवर बसल्या. "चूक माजी हाय. बायकांच्या हातात बांगड्या असत्यात हे माझ्या ध्यानात आलं न्हाई. माझ्या हातात न्हाईत, म्हणून." त्यांनी आपला हात पुढं केला. मनगटावर खपली धरलेली होती. "बाजारातनं आणून भरल्या. मग वडून बघितलं. असंच झालं."

सासूनं त्या हाताकडे बघितलं. मी मनात म्हणत होते, आता उठा भाभी, जाऊ या, गाडी चुकेल. तेवढ्यात आतून सून आली. वीस-एकवीस वर्षांची, हाताला पट्टी. ती सासूकडे न बघता भाभींपुढं बसली आणि तिनं हात लांब केला.

भाभींनी तिचा पंजा दोन्ही हातांत घेऊन हलकेच दाबला, बोटं जुळवली, आणि बांगडी अशी सरकली की मला ती जाताना दिसलीच नाही. दुसरी. तिसरी. सगळ्या भरून झाल्यावर पोरगी म्हणाली, "दुखलंच न्हाई."

"आब्बानं शिकवलंय," भाभी म्हणाल्या. आणि पिशवीतून एक बाही काढली. ती त्यांनी कधी शिवली मला माहीत नव्हतं. मनगटाशी इलॅस्टिक नव्हतं. तिथं चुण्याचुण्यांचा फुगीर भाग होता, कंदिलासारखा, आणि त्याच्या खाली, तळहाताशी, बांधायला नाडी. "ही बांगड्यांची खोली. आत त्या ऱ्हातील, बाहेर कचरा ऱ्हाईल. घाल. भरल्या हातानं घाल. आन आठ दिसांनी नावं ठेव."

पोरीनं बाहीकडे बघितलं. "एकच?"

"एकच."

तिला हसू आलं. सासूनं तोंड फिरवलं.

नंतरचे दिवस मला लिहायला नको वाटतात. खोलीत मशिनं होती, पण बाह्या शिवायच्या नव्हत्या. भाभींनी शाळेचे गणवेश शिवायला आणले, तेवढ्यावर आम्ही बसलो. फोन वाजत नव्हता. ज्या फोनच्या वाजण्याची मला भीती वाटायची, त्याच्याकडे आता मी टक लावून बसायची. नवरा नागपुराकडून बोलला, "तिथं काम नसेल तर चल, बघू कुठं तरी." कुठं ते त्यालाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, महिना संपू दे.

भाभी मात्र डाव्या हातात डझनभर हिरव्या बांगड्या आणि त्यावर चुण्यांची बाही घालून गावभर फिरत होत्या. लोक बोलले. का नाही बोलणार? विधवा बाई, आणि एका हातात चुडा. त्यांच्या थोरल्या बहिणीनं दुकानात येऊन तोंडावर विचारलं, "शरम हाय का काय?" भाभी दोरा ओवत म्हणाल्या, "ह्या नवऱ्याच्या न्हाईत, आपा. ह्या बाहीच्या हायत."

महिना संपायला आला होता तेव्हा एका सकाळी शटरसमोर पिकअप जीप थांबली. मागून बायका उतरायला लागल्या. नवऱ्यांचे शर्ट घातलेल्या, डोक्याला फडकी, कमरेला खुरपी. सगळ्यांच्या पुढं ती सासू.

ती आत आली, उभी राहिली, आणि खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हिला एकाच हाताची दिलीसा. दुसऱ्या हाताची कवा देणार?"

मागं सून उभी होती. डाव्या हाताला चुण्यांची बाही. तिनं नाडी सोडली, बाही उतरवली, आणि हात वर धरून बांगड्या वाजवल्या. सगळ्या शाबूत.

"समदी पात ह्याच्याकडंच बघत बसती," सासू म्हणाली. "भांगलण ऱ्हातंय. एकदाच काय ते देऊन टाका समद्यास्नी."

मला वाटलं भाभी आता रडतील. भाभी म्हणाल्या, "आधी खोट सांगा."

"आता गं बया! आमी एवढ्या लांबनं आलोय, आन ही खोट इचारती."

"न्हाईतर मिळणार न्हाई."

सासूनं सुनेच्या हातातली बाही ओढून घेतली, उलटीसुलटी केली, आणि जरा विचार करून म्हणाली, "रंग बेकार हाय. मेल्या म्हशीवानी दिसतंय."

भाभी इतक्या मोठ्यानं हसल्या की बाहेरची रिक्षा थांबली. "आधण ठेव गं!" त्या मला ओरडल्या. "मोठं पातेलं घे!"

आता भाभी सांगलीला लेकीकडे असतात. गुडघे गेलेत. बाह्यांचं काम साताऱ्याला मोठ्या जागेत गेलं, मशिनं वाढली, भाचा पुण्याहून परत आला. बाह्या आता निळ्या असतात. जाहिरात अजून नाही. सांगलीहून दर आठवड्याला एक फोन येतो. "मी एक गिऱ्हाईक बोलतीया. तुमच्या बाहीची नाडी लय लवकर झिजती." मी ओळखलं नाही असं दाखवते आणि ऐकून घेते. फोन अजून माझ्याकडेच आहे.

मागच्या खेपेला बऱ्याच वर्षांनी माहेरी गेले तेव्हा आईसाठी एक बाही नेली. एकच. ती म्हणाली, "एकच काऊन आणली वं?" मी आमच्याच बोलीत म्हटलं, "आठ दिवसांनी सांगतो." आठ दिवसांनी तिचा फोन आला, की कापूस वेचायला ही काही कामाची नाही. बोंडाची टोकं दंडाला टोचत नाहीत, बोटांना टोचतात. बाही नको, बोटं पाहिजेत.

मी सांगलीला फोन लावला. "भाभी, माझ्या आईनं नावं ठेवली."

"काय म्हणाली?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग मला काय सांगतीस? बस की मशिनवर."

बसले. बोटांची टोकं जाड, आतली बाजू विरळ, अंगठा सुटा. हातमोजा पाच वेळा उसवला. आता तो माझ्या डाव्या हातात असतो. भाजी चिरताना, बाजारात, एसटीत. महिना व्हायचाय अजून. आणि बरोबर लाल रंगाची एक लाखेची बांगडीही घातलेली असते, कारण आमच्याकडे ती घालतात.

परवा साताऱ्याच्या गाडीत शेजारी एक बाई बसली होती. बराच वेळ माझ्या हाताकडे बघत होती. परक्या मुलखातली वाटत होती, कडेवर मूल, पायाशी बोचकं, विचारू की नको अशी चुळबूळ. मला ती चुळबूळ ओळखीची होती.

शेवटी तिनं विचारलं, "ताई, हात भाजला का?"

मी हातमोजा काढून तिच्यापुढं धरला.